नवा बॉक्स लावणाऱ्याला दार उघडण्याआधी

आज सकाळी लोकमान्यनगरातल्या काकूंकडे डीटीएचवाला मुलगा आला. पंचवीस मिनिटांत नवा चकचकीत बॉक्स लावला, जुना पिशवीत घातला आणि गेला. काकूंनी त्याला पोहे खाऊ घातले, वर चहा. तो गेल्यावर त्यांनी रिमोट हातात घेतला आणि रेकॉर्डिंगचं पान उघडलं. ते कोरं होतं.

त्या पानावर काय होतं ते ऐका. २०१४ मध्ये एका मराठी वाहिनीची मंडळी इंदूरला आली होती, इथल्या मराठी घरांतलं खाणं दाखवायला. काकूंच्या सासूबाईंनी भुट्ट्याचा कीस केला. एकूण नऊ मिनिटं. कणीस किसता किसता, कॅमेऱ्याकडे न बघता, सासूबाई म्हणतात, "माझ्यापेक्षा हीच बरा करते." घरात हे वाक्य त्यांनी ना आधी कधी उच्चारलं, ना नंतर. आता त्या नाहीत. काकूंनी तो कार्यक्रम दहा वर्षं 'कीप' करून, म्हणजे बॉक्सने पुसू नये अशी खूण करून, ठेवला होता आणि कुणाशी वाजलं की लावून बघायच्या.

कंपनीच्या फोनवर उत्तर काय मिळालं? "मॅडम, नव्या बॉक्समध्ये जास्त तासांचं रेकॉर्डिंग होतं." कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळे एकाच माळेचे मणी.

माझा राग बॉक्स बदलण्यावर नाही. जुना बॉक्स दहा वर्षं चालला हेच नवल. राग याचा की 'फ्री अपग्रेड'चे दहा मेसेज येतात आणि त्यातल्या एकातही 'तुमची जुनी रेकॉर्डिंग जातील' हे चार शब्द नसतात. नेताना विचारत नाहीत, सांगत नाहीत. मंडळी, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी असा बॉक्स टीव्हीखाली धूळ खात असणार, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट. 'हार्ड डिस्क काढून कम्प्युटरला लावू, भिया, सगळं निघेल' असं बाजारात कुणी म्हणालं तर नमस्कार करून घरी या. डिस्क निघते, स्क्रू चारच असतात आणि आत कम्प्युटरमध्ये असते तशी साधी साटा डिस्कच असते. पण कार्यक्रम तिच्यावर उतरतानाच कुलूपबंद होतो आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये असते. बॉक्समधलं कंपनीचं कार्ड नव्या बॉक्सात घातलं तरी किल्ली त्याच्याबरोबर येत नाही. तीच डिस्क तशाच दुसऱ्या बॉक्सात बसवली तर तो म्हणतो 'फॉरमॅट करू?', आणि घाईत कुणीतरी 'हो' दाबतं. विंडोजही तेच विचारतं. दोन्हीकडे 'नाही'.

पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणाऱ्या बॉक्सांचंही बहुधा हेच. ड्राइव्ह तुमचा, पैसे तुमचे, फाइल मात्र फक्त त्या एका बॉक्सात चालणार. अपवाद दूरदर्शनच्या फुकट सेवेच्या साध्या बॉक्सांचा. ही सेवा २००४ मध्ये सुरू झाली, आज तिला फ्री डिश म्हणतात. बिनकुलपाच्या वाहिनीचं रेकॉर्डिंग तिथे सरळ टीएस नावाच्या साध्या व्हिडिओ फाइलमध्ये पडतं, ते कॉपी करा आणि कम्प्युटरवर व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये बघा. एकच कार्यक्रम दोन-तीन तुकड्यांत दिसला तर घाबरू नका. ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीहून मोठी फाइल तिथे बसत नाही, म्हणून बॉक्स ती तोडतो. तुकडे मात्र सगळे उचला.

मग कुलूपबंद बॉक्समधून बाहेर कसं काढायचं? जुन्या पद्धतीने. बॉक्स चालवायचा, त्याच्या एव्ही तारेतून येणारं चित्र आणि आवाज लॅपटॉपवर टिपायचं. तासाच्या कार्यक्रमाला तासच लागतो. म्हणून आधी वही घ्या आणि जे पुन्हा कुठेच मिळणार नाही ते सगळ्यात वर लिहा. मालिका आज ना उद्या कुठल्यातरी ॲपवर सापडतात. सासूबाई सापडत नाहीत.

हे सगळं नव्या बॉक्सची तारीख घेण्याआधी. नवा सुरू झाला की जुन्याची परवानगी बंद होते आणि मग बरेच बॉक्स स्वतःच्याच डिस्कवरचं दाखवायलाही नकार देतात. रिचार्ज संपल्यावरही तोच प्रकार, तेव्हा खात्यात महिन्याभराचे पैसे ठेवा. लावलेली सगळी मालिका-रेकॉर्डिंग रद्द करा, नाहीतर डिस्क भरली की बॉक्स जुनं आपणहून पुसतो. हवं ते 'कीप'ने बांधा. आणि काहीही अडकलं तरी 'फॅक्टरी रीसेट' करू नका, फोनवरच्या मुलीने कितीही गोड आवाजात सांगितलं तरी.

तार. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. बऱ्याच नव्या बॉक्सांना तीन भोकं नसतात, एकच साडेतीन मिलिमीटरचं भोक असतं आणि त्यातून तीन तोंडांची तार निघते. इथेच लोक फसतात. या तारा बाहेरून सारख्या दिसतात, पण आतली जोडणी वेगळी असते. चुकीची लावली की चित्र गायब आणि आवाजाच्या जागी घर्र. तार फेकण्याआधी पिवळ्याच्या जागी लाल लावून बघा, बऱ्याचदा एवढ्यानेच चित्र येतं. एचडीएमआयच्या मागे लागू नका. त्या वाटेवर कॉपी रोखणारी व्यवस्था असते आणि टिपणाऱ्या कार्डावर काळा पडदाच येतो.

लॅपटॉपला लागतं यूएसबी कॅप्चर कार्ड, ज्याला जेल रोडवर 'ईझीकॅप' म्हटलं की देतात. ते हबमध्ये नाही, थेट लॅपटॉपमध्ये खोचा. टिपायला ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. कार्डाच्या सेटिंगमध्ये पॅल-बी ही आपल्याकडची टीव्ही पद्धत निवडा, ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चित्रं. चित्र काळंपांढरं येऊन वर-खाली पळत असेल तर तिथे एनटीएससी ही अमेरिकेतली पद्धत राहिली आहे. हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसले तर डीइंटरलेस चालू करा. आवाजासाठी तेच कार्ड वेगळं निवडावं लागतं, आणि सगळ्यात जास्त माती इथेच खाल्ली जाते: दोन तास टिपून झाल्यावर कळतं की सगळं मुकं आहे. म्हणून आधी दोन मिनिटं टिपा, थांबवा, लावून ऐका.

फाइल एमकेव्हीमध्ये ठेवा, एमपी४ मध्ये नाही. मधेच लाइट गेली तर एमपी४ अख्खी बाद होऊ शकते, एमकेव्ही तिथपर्यंतची तरी शाबूत राहते. नंतर ओबीएसच ती बदलून देतं. सेकंदाला चार मेगाबिट ठेवलेत तर तासाला साधारण १.८ जीबी होतात. काकूंची नऊ मिनिटं २७० एमबीच्या आसपास. फोनमध्ये 'सुप्रभात'चे फोटो याहून जास्त जागा खातात हो!

बॉक्सकडेही बघा. चित्राचा आकार तिथे १६:९ असेल तर ओबीएसमध्येही चित्र १६:९ मध्ये पसरवा, नाहीतर सासूबाई उभ्या ताणलेल्या दिसतील. आपोआप झोपी जाण्याची सोय बंद. आवाज बॉक्सवर ऐंशी-नव्वद टक्के, पूर्ण नाही, पूर्ण केला तर फाटतो. आधी टिपणं सुरू करा, मग 'प्ले', आणि नंतर रिमोटला हात लावू नका, नाहीतर खालची पट्टी चित्रावर कायमची. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तिथेच थांबते.

आणि 'बॉक्स मेला' म्हणून जे देऊन टाकतात, त्यांच्यावर तर मला भयंकर राग येतो. रोगी मेलेला नसतो, उपाशी असतो! बॉक्स सुरू होताना पुन्हा पुन्हा बंद पडतोय, लाल दिवा लुकलुकतोय, तर आधी ॲडॅप्टर बदला. जुन्यावर लिहिलेल्या तेवढ्याच व्होल्टचा, बहुधा बारा, आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, पिनचे अधिक-उणे तेच. मोठी हार्ड डिस्क फिरायला लागतानाच दोन अँपिअरच्या आसपास ओढते, दमलेला ॲडॅप्टर तेवढ्यात बसतो. नाहीतर आत फुगलेला कपॅसिटर असतो, डोक्यावर टेकाड आलेला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा बसवायचा, कुठलाही रेडिओ दुरुस्तीवाला हे करतो. फक्त 'टक्-टक्' आवाज येत असेल तर डिस्कच जातेय. मग सारखं चालू-बंद करू नका, वहीतलं पहिलं नाव लावा आणि टिपा.

हो, बॉक्स कित्येकदा कंपनीच्याच मालकीचा असतो. हो, कुलूप वाहिन्यांच्या आग्रहाखातर असतं, चोरी होते हेही खरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला जागा आहे आणि २०१२ मध्ये आलेल्या ६५अ मध्ये कुलूप तोडण्यावर बंदी, म्हणून मी कुलूप तोडा म्हणत नाहीये, टीव्हीला जाते तीच तार लॅपटॉपला लावा म्हणतोय. आणि ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की बॉक्स कुठल्याही कंपनीच्या सेवेवर चालावा. पण समजा उद्या तसं झालं, तरी डिस्कवरचं रेकॉर्डिंग या बॉक्सातून त्या बॉक्सात जाईल असं त्यात कुठे आहे?

एवढं टाइप करेपर्यंत राग थोडा उतरलाय. तो मुलगाही काय करणार! बॉक्समागे पैसे मिळतात, दिवसाला ठरलेली घरं संपवायची. त्याला कुणी शिकवलंच नाही की जुना उचलण्याआधी 'यात काही आहे का' असं विचारावं. सकाळचे पोहे मात्र लक्षात राहिलेत. काकूंच्या मुलाने फोन केला तर म्हणाला, "बॉक्स अजून स्टोअरला जमा नाही केला, काकूंना सांगा सातला घेऊन येतो."

आता अडचण परवानगीची. काकूंनी दुपारी पुन्हा फोन करून जुना बॉक्स दुसऱ्या टीव्हीसाठी एका महिन्यापुरता चालू करायला सांगितलाय, पैसे भरून. तिकडून 'रिक्वेस्ट घेतली' एवढंच कळलंय. सिग्नल आला तर चालेल, नाही आला तर उद्या पुन्हा फोन. मी दोन एव्ही तारा घेऊन जातोय, एक सरळ जोडणीची, एक उलटी. काकूंनी सहा कणसं आणून ठेवली आहेत, म्हणे त्या मुलाला कीस खाऊ घालायचा आहे. दूध आधी की तूप आधी, हे टीव्हीवर बघूनच करणार आहेत.