महापौराच्या हातात असतं काय?

आज पुन्हा तेच. टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी हसत हसत म्हणालं, "महापौर म्हणजे शोभेचं पद हो, अधिकार सगळे आयुक्तांकडे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कायद्यानं ते बरोबर आहे, वादच नाही. पण त्या हसण्यात 'सुटलो बुवा' असं जे काही होतं ना, ते डोक्यात गेलं.

अधिकार नसलेला महापौर बघायचाय? फिलाडेल्फियाचा मॅथ्यू क्लार्कसन बघा. साल १७९३. फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी, वस्ती उपनगरं धरून साधारण ५० हजार. महापौर लोक निवडत नसत. १७८९ च्या सनदेप्रमाणे आल्डरमन मंडळी, म्हणजे शहराचे ज्येष्ठ नगरसेवक, आपल्यातल्याच एकाला वर्षभरासाठी खुर्चीत बसवत. क्लार्कसन १७९२ मध्ये बसला आणि १७९६ पर्यंत राहिला. जन्म न्यू यॉर्कचा, १७३३ चा. तरुणपणी एका व्यापारी पेढीच्या कामासाठी पार इलिनॉयच्या मुलखापर्यंत जाऊन आलेला, अमेरिकन क्रांतीच्या काळात आरमारी न्यायालयाचा मार्शल, म्हणजे हुकूम बजावणारा अधिकारी. १७८५ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय सभागृहावर, निवड झाली तर हा तिकडे फिरकलाच नाही, तेही सांगून टाकतो. थोडक्यात, पुतळ्याचा माणूस नव्हे.

ऑगस्टमध्ये नदीच्या धक्क्याजवळ पिवळा ताप सुरू झाला. २२ तारखेला क्लार्कसननं शहराच्या कमिशनरांना पत्र लिहिलं: रस्ते आणि धक्के साफ करा. २६ तारखेला डॉक्टरांच्या संस्थेनं ११ सूचना काढल्या. आजारी घरांच्या दारावर खूण करा, मयताच्या घंटा वाजवणं थांबवा, मोठं हवेशीर इस्पितळ उभारा, हातरुमालाला व्हिनेगर नाहीतर कापूर लावून फिरा. घंटा का थांबवायच्या, तर दिवसभर टोल ऐकून धडधाकट माणसाचंही अवसान जात होतं.

मग पळापळ. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विधिमंडळ उठलं, गव्हर्नर शहर सोडून गेला, १० तारखेला खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन माउंट व्हर्ननला, आपल्या घरी, निघून गेले. गरिबांची व्यवस्था बघायला जे 'पालक' नेमलेले असत, त्यातले तीन उरले. तीन! गरीबखान्यानं तापाच्या रोग्यांना दार बंद केलं. काही रोगी नेऊन ठेवले सर्कशीच्या रिकाम्या जागेत, तर शेजारचे लोक म्हणाले, हलवा, नाहीतर जाळून टाकू.

आता सांगा, महापौराच्या हातात काय होतं?

वर्तमानपत्र होतं. १० सप्टेंबरला त्यानं जाहीर आवाहन छापलं की मदतीला या. १२ तारखेला आले दहा जण. पन्नास हजारांत दहा! दोन दिवसांनी सिटी हॉलमध्ये सव्वीस जणांची समिती झाली आणि हा स्वतः तिचा अध्यक्ष. कुठल्या कायद्याखाली? कुठल्याच नाही. पैसे? बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाकडून १,५०० डॉलर उसने. सव्वीसपैकी चौघे त्या तापातच गेले. तरी समिती रोजच्या रोज बसत राहिली, शवपेट्या, गाड्या, सरपण, रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या दाया, एकेक हिशोब लावत. आईबाप गेलेली १९२ मुलं तिनं सांभाळली.

शहराबाहेर बुश हिल नावाची हवेली होती, उपाध्यक्ष असताना जॉन ॲडम्स राहायचे ती. तिथलं इस्पितळ म्हणजे इस्पितळ कसलं, मरायची जागा. दाया दारू पिऊन पडलेल्या, जिवंत आणि मेलेले एकाच खोलीत. समितीतल्या दोघांनी आपण होऊन ते अंगावर घेतलं. स्टीफन जिरार्ड हा फ्रान्समध्ये जन्मलेला धनाढ्य व्यापारी आणि पीटर हेल्म हा पिंपं बनवणारा कारागीर. वाटणी साधी: आतलं जिरार्डकडे, बाहेरचं हेल्मकडे. आत म्हणजे रोगी, खाटा, औषध, दाया. बाहेर म्हणजे आवार, सामान, शवपेट्या, दफन. डॉक्टर आणला सेंट-डॉमिंग्यूहून, म्हणजे आजच्या हैतीहून, आलेला झाँ देवेझ. त्यानं हा ताप आधी पाहिलेला होता आणि रक्त काढायच्या भानगडीत तो फारसा पडत नसे.

कारण शहरात चाललं होतं ते तिथले नामांकित डॉक्टर बेंजामिन रश यांचं 'दहा-दहा': १० ग्रेन कॅलोमेल, म्हणजे पारायुक्त जुलाब, वर १० ग्रेन जालप, म्हणजे मुळीचा जुलाब, आणि मग शीर कापून रक्त. उलट्यांनी आधीच कोरड्या पडलेल्या माणसाला! रश शहरात ठामपणे थांबले, स्वतः आजारी पडले, हे त्यांचं श्रेय. बाकी बोलायला नको.

पण क्लार्कसनची खरी गोष्ट वेगळीच आहे. रश यांचा समज असा की काळ्या लोकांना हा ताप होत नाही. म्हणून त्यांनी ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या फ्री आफ्रिकन सोसायटीच्या, म्हणजे स्वतंत्र काळ्या लोकांच्या परस्परमदत संस्थेच्या, पुढाऱ्यांना साद घातली. ते आले. शुश्रूषा केली, रक्त काढायला शिकले, मेलेल्यांना उचललं. ताप त्यांनाही झालाच. १७९२ मध्ये शहरात ६७ काळी माणसं पुरली गेली होती, १७९३ मध्ये ३०५.

दायांची मजुरी चढायला लागली, लोकांची कुरकुर सुरू झाली. क्लार्कसननं जोन्स-ॲलनना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्या लोकांना समजवा, दर उतरवा. म्हणजे सुरुवात चुकीच्याच टोकानं, मान्य. त्यांनी उलट त्याला सांगितलं की दर दाया चढवत नाहीयेत. रोग्यांच्या घरचे लोकच एकमेकांच्या वर बोली लावून दाई पळवतायत. क्लार्कसननं ऐकलं आणि विषय सोडून दिला. फतवा नाही, दरपत्रक नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? अहो, समोरच्याचं कारण पटल्यावर आपली तक्रार गिळणारा खुर्चीवरचा माणूस शेवटचा कधी बघितलात?

कारण दुसरा मॅथ्यू बघा. मॅथ्यू केरी, प्रकाशक, समितीतलाच. साथ संपता संपता त्यानं पुस्तिका काढली, ती हातोहात खपली. त्यात ठोकून दिलं की काळ्या समाजातल्या हलकट लोकांनी रात्रीचे दोन-दोन, पाच-पाच डॉलर उकळले. जोन्स आणि ॲलन यांची नावं घेऊन त्यांना तेवढं वगळलं, हो. पण चिखल उडाला तो उडालाच. बोली लावणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही.

जोन्स-ॲलननी उत्तरादाखल हिशोबच छापला. मिळाले २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. खर्च: शवपेट्या ३३ पौंड, पाच माणसं, तिघं ७० दिवस, दोघं ६३ दिवस, माणशी रोजी २२ शिलिंग ६ पेन्स, एकूण ३७८ पौंड. अंगावर आले १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. बेरीज करून बघा (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड), जुळते.

आणि त्या पुस्तिकेत एक दाखला आहे, तारीख २३ जानेवारी १७९४. साथीच्या काळात यांचं वागणं जवळजवळ रोज पाहायला मिळालं, आणि त्यांच्या कामाला माझी आनंदानं पसंती आहे, अशा अर्थाचा. खाली सही मॅथ्यू क्लार्कसन, महापौर. ज्यांना बोलावून दर उतरवा म्हणाला होता, त्यांच्याच बाजूनं. लिहायला कुठला अधिकार लागला? शाई लागली.

इथे रागाच्या भरात लिहितोय म्हणून त्याला देव करायचा नाहीये. रस्ते झाडून ताप गेला नाही, जाणारही नव्हता. तो एडिस इजिप्ती डासाचा. आपल्याकडे डेंग्यू देतो ना, तोच, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढणारा. गंमत म्हणजे २९ ऑगस्टलाच एका वाचकानं वर्तमानपत्रात लिहिलं होतं की पावसाच्या पाण्याच्या पिंपांत तेल ओता, डासांच्या अळ्या मरतील. त्यानं तापाशी नातं जोडलं नव्हतं, पण उपाय नेमका होता. कुणी मनावर घेतलं नाही, महापौरानंही नाही. ११ ऑक्टोबरला एका दिवसात ११९ दफनं झाली. ताप गेला तो थंडीनं, दव गोठायला लागल्यावर. एकूण पाचेक हजार माणसं गेली असं धरतात.

क्लार्कसन १८०० मध्ये वारला. त्याच्या मागून खुर्चीत आला हिलरी बेकर. १७९८ मध्ये ताप पुन्हा आला तेव्हा तो महापौर होता. २५ सप्टेंबरला, पदावर असतानाच, त्याच तापानं गेला.