लाईन गेली, लेकरू उठलं

नागपुरात मे महिन्यात लेकरू आई झोपवत नाही, कूलर झोपवतो. आई ही फक्त कूलरची हेल्पर. टाकी भरायची, पंप पाणी फेकतो की नाही ते बघायचं आणि मधल्या वेळात लेकरू मांडीवर घेऊन डुलायचं, एवढंच तिचं काम. आपल्या गळ्यामुळे बाळ झोपतं असा ज्या बायांचा समज आहे, त्यांनी एकदा कूलर बंद करून गाऊन बघावं.

माझ्याकडे दोन नग आहेत. एक आठ महिन्यांचं, एक तीन वर्षांचा. डॉक्टर लोकांच्या हिशेबात पहिल्याला चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप लागते आणि दुसऱ्याला १० ते १३. बेरीज केली तर २२ ते २९ तास होतात. म्हणजे कागदावर दोघं मिळून जवळजवळ अख्खा दिवस झोपलेली असतात, कधीकधी दिवसाच्याही वर जातात. फक्त एकाच वेळी झोपत नाहीत. दोघांच्या झोपा एकमेकींवर आणून ठेवायला दिवसात एकच जागा आहे, दुपारी दोनच्या आसपास. नेमकं तेव्हाच नागपूर सर्वात जास्त तापलेलं असतं.

किती तापलेलं? २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ वर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस, ऐन नवतप्यात म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वात कडक नऊ दिवसांत, एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली. नंतर हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. असेल बाप्पा. पण कडेवर नऊ किलोचं गरम लेकरू घेऊन त्या दुपारी ज्या बाया उभ्या होत्या, त्यांचा विश्वास अजूनही त्या सेन्सरवरच आहे.

तर तयारी साडेबाराला सुरू होते, आणि ती बाळापासून नाही, कूलरच्या ताट्यांपासून. तीन बाजूंना तीन ताट्या म्हणजे जाळीच्या चौकटी, आत वूडवूल, म्हणजे लाकडाच्या बारीक लांब सालपटांचा गुंता, किंवा वाळा. वाळ्याचा वास छान, किंमतही तशीच. वूडवूल स्वस्त पडतं, पण नवीन भरलं की पहिले एक-दोन दिवस घराला ओल्या लाकडाचा वास येतो, म्हणून ते बाळाच्या खोलीत लावायच्या आधी बाहेर धुऊन घ्यायचं. पंपाचं पाणी वरच्या पन्हाळीत जातं आणि तिच्या बारीक छिद्रांतून ताटीवर झिरपतं. बोअरचं पाणी असेल तर महिनाभरात त्या छिद्रांत खार बसतो. मग ताटीवर एक उभा पट्टा कोरडा राहतो आणि त्या पट्ट्यातून सरळ बाहेरची झळ आत येते. घरातले सगळे म्हणतात, कूलर म्हातारा झाला, बदला. काही बदलायची गरज नसते. प्लगची पिन काढायची, ताटी उतरवायची आणि एकेक छिद्र टाचणीने मोकळं करायचं. दहा मिनिटांचं काम आहे. तान्हं लेकरू असलेल्या घरी त्याला चार दिवस लागतात.

दुसरी चूक सुरुवात करण्यातली. कूलर लावताना आधी फक्त पंप चालवायचा, ताट्या भिजू द्यायच्या आणि दहा मिनिटांनी पंखा लावायचा. दोन्ही एकदम लावले तर पहिला झोत गरम आणि धुळीचा येतो, आणि तो थेट शिंकणाऱ्या लेकराच्या तोंडावर.

तिसरी चूक खिडकीची, आणि तिच्यावरून घरात रोज चर्चासत्र भरतं. कूलरची हवा आत आली तर तेवढीच बाहेर जायला पाहिजे, म्हणून समोरची खिडकी चार बोटं उघडी लागते. नाहीतर खोलीत ओल साचते, घाम वाळत नाही आणि बाळाच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या उठतात. पण उघडी खिडकी आमच्या सासूबाईंना दिसली की, "काहून उघडी ठेवली वो? झळ येते ना लेकराले!" म्हणत त्या ती लावतात. त्यांची पाठ वळली की मी उघडते. संध्याकाळपर्यंत त्या खिडकीचे बिजागर दोघींच्या मतभेदांनी सैल झालेले असतात. घामोळ्यांवर मूठभर पावडर फासायचाही आग्रह असतो. पावडर घामात कालवली की तिचा चिखल होतो आणि मानेच्या वळ्यांत जाऊन बसतो. उडालेली नाकातोंडात जाते ती वेगळीच. ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, सुती पातळ झबलं घालायचं. पुरे.

टोपरं नाही. पंचेचाळीस अंशांत टोपरं नाही. बाळाला थंडी वाजते की गरम होतं ते तळपायावरून कळत नाही, पाय त्यांचे एरवीही गारच असतात. मानेच्या मागे किंवा पाठीवर हात लावून बघायचं. कूलरचा झोत अंगावर नको, पायाकडून तिरपा गेला पाहिजे. बाळ उताणं, कडक गादीवर, उशीशिवाय. मोहरीची उशी घरोघरी कोणीतरी प्रेमाने शिवून आणतंच. ती मी मोठ्याच्या बैलाला दिली आहे, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तिच्यावर वर्षभर झोपतो. त्याचं डोकं फार गोल आलंय.

आता मुख्य प्रकार, मांडीवरून गादीवर. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली तान्ह्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून सांगितलं, की रडणारं बाळ कडेवर घेऊन पाच मिनिटं एकसारखं चालायचं, झोपलं की घेऊन पाच ते आठ मिनिटं नुसतं बसायचं आणि मगच खाली ठेवायचं. बाळ चाळवतं ते गादीला पाठ टेकल्याने नाही, आईच्या अंगापासून सुटताना, हेही त्यांनीच शोधलं. हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते इंग्रजीत छापलं नाही.

पाच मिनिटं चालायचं म्हणजे जपानात काय असेल ते असो, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते येरझाऱ्या घालणं असतं, आणि मागे गाऊनचं टोक धरून मोठा. मग बसायचं. बसलं की त्याचा कुजबुजता प्रश्न येतो, "आई, झोपला का?" तीन वर्षांच्या पोट्ट्याची कुजबूज त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त दूर जाते, त्यात हवा जास्त असते.

आठ मिनिटं झाली की बाळाचा एक हात हळूच उचलून सोडून बघायचा. ओल्या फडक्यासारखा पडला तर झोप लागली, बोटं आवळली तर आणखी बसा. काचेच्या बांगड्या आधीच काढून ठेवायच्या. मंगळसूत्र पाठीवर टाकायचं, नाहीतर सगळं नीट पार पडतं आणि शेवटी लक्षात येतं की आपण लेकराच्या मुठीत अटकेत आहोत. वाकताना बाळ अंगाला चिकटूनच खाली न्यायचं. आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. मानेखालचा हात ओढायचा नाही, गादी दाबून खालून सरकवायचा. दुसरा तळहात छातीवर दोन मिनिटं तसाच. या दोन मिनिटांत नाकाला खाज येते, दर वेळी येते, त्याला इलाज नाही. मग एकेक बोट उचलायचं. आपल्याच गुडघ्याचा कटकन आवाज होतो तो इथे.

मोठ्याचं वेगळं. त्याला आधी सू लागते, मग पाणी, मग त्या पाण्याची सू. हे चक्र कुठे तोडायचं हे मला माहीत आहे, पाणी आधी आणि सू शेवटी. पण हे त्यालाही माहीत आहे. तो साडेतीननंतर झोपला तर रात्री साडेअकरापर्यंत खेळतो, कारण झोपेची भूक दुपारीच भागते. अजिबात झोपलाच नाही तर साडेसहाला वरणभाताच्या ताटात तोंड घालून झोपतो आणि आठला ताजातवाना उठतो. म्हणजे दोन ते अडीच या अर्ध्या तासातच त्याला पाडावं लागतं.

आणि त्याच वेळी त्याचा जीव कूलरच्या टाकीत अडकलेला असतो. झाकण उघडून हात बुडवणं, जाळीतून काडी घालणं, त्यात आपला ट्रक पोहायला सोडणं. इथे माझा विनोद संपतो. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पोर, यात शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. अर्थिंग तपासून घ्यायचं, तीन पिनांचाच प्लग लावायचा, वायर लेकराच्या हाताला लागणार नाही अशी वरून न्यायची आणि पाणी भरताना बटण बंद करून पिनसुद्धा काढायची. रविवारी सकाळी टाकी रिकामी करून भिंती घासायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटून बसतात, नुसतं पाणी फेकून जात नाहीत.

दारावर "बाळ झोपले आहे, बेल वाजवू नये" अशी चिठ्ठी मी लावलेली आहे. तिचा उपयोग असा होतो की लोक बेल वाजवत नाहीत. कडी वाजवतात आणि ओरडून विचारतात, "झोपला का वो बाळ?"

हे सगळं जमलं की लाईन जाते.

गोंगाटाने बाळ उठत नाही. एकसारख्या घरघरीत त्याला कुकरची शिट्टी, भंगारवाला, कुल्फीची घंटी काही ऐकू येत नाही. ते उठतं ती घरघर एकदम थांबल्याने. गल्लीत किती तान्ही लेकरं आहेत हे मोजायचं असेल तर दुपारी अडीचला लाईन जायची वाट बघावी. आधी सगळ्या घरांचे कूलर एकदम गप्प होतात. मग तीन-चार सेकंद फक्त नवतपा ऐकू येतो. मग डावीकडून एक, समोरच्या माडीवरून दुसरं, मागच्या बोळातून जुळी. यावर अर्धा उपाय आहे. इन्व्हर्टरवर एक जुना, खडखडणारा टेबलफॅन कूलरसोबतच चालू ठेवायचा, म्हणजे शांतता अर्धीच होते. आणि लाईन जाताच कूलरचं बटण बंद करायचं. नाहीतर लाईन आली की तो झटका देऊन सुरू होतो, आणि पहिल्या वेळी वाचलेलं लेकरू दुसऱ्या वेळी उठतं.

समजा लाईन गेली नाही. तीनला पाच कमी आहेत, दोघंही झोपली आहेत, एक उताणं, एक आडवा, ट्रकसकट. ताटात गार वरणभात. भर दुपारी मोठा कूलर तासाला अर्धी-पाऊण बादली सहज पितो आणि टाकी साडेबाराला भरली होती. चौथ्या घासाला पंपाचा आवाज बदलतो, झुळझुळ जाऊन घुर्रघुर्र. हवा ओढतोय. ताट्या दहा मिनिटांत वाळतील आणि मग बाहेरची झळ सरळ आत. पाणी टाकायला पाहिजे. पाणी टाकायचं तर पिन काढायची, असं थोड्या वेळापूर्वी मीच सांगितलं. पिन काढली की कूलर बंद.

मी पाचवा घास घेते आणि दोघांकडे बघते. झाकण पत्र्याचं आहे.