सौरज्वाळा आणि मोबाइल बंद ठेवण्याचा संदेश : खुलासा

आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत ‘एक्स’ वर्गाच्या सौरज्वाळेचे (सूर्यावरील अचानक स्फोटाचे) घातक किरण येणार असल्याने मोबाइल बंद करून अंगापासून दूर ठेवावा, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. सौरज्वाळेचे क्ष-किरण सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीपर्यंत येतात आणि वरच्या वातावरणातच शोषले जातात, तेही फक्त दिवस असलेल्या बाजूला. मध्यरात्री तर आपल्या आणि सूर्याच्या मध्ये अख्खी पृथ्वी असते. या किरणांमुळे बिघडते ते लघुलहरींवरचे रेडिओ दळणवळण, हातातला फोन नव्हे.

‘एक्स’ हा सर्वांत तीव्र वर्ग आहे, हे मात्र खरे. ज्वाळेसोबत प्लाझ्माचा (विद्युतभारित वायूचा) लोट सुटून पृथ्वीकडे आला, तर तो साधारण एक ते तीन दिवसांत पोहोचतो आणि भूचुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ, उठू शकते. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे ९ तास गेली होती. मे २०२४ मध्ये ‘जी-५’ या सर्वोच्च श्रेणीचे वादळ आले, तेव्हाही मोबाइल चालूच होते. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर व हवामानविषयक सरकारी संस्थेचे अवकाश-हवामान केंद्र ज्वाळांचा तीन दिवसांचा अंदाज शक्यतेच्या टक्क्यांत देते. घड्याळाची वेळ कोणी सांगू शकत नाही.

कृपया हा संदेश पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.