अकरा दिवस न थांबता उडतो म्हणून गॉडविटला चिखलाची गरज नाही?

बार-टेल्ड गॉडविट या किनाऱ्यावरच्या चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यावरचा फिरत असलेला मेसेज बहुतेकांनी वाचला असेल. लांब चोचीच्या पक्ष्याचा फोटो, खाली लिहिलेलं की हा अलास्काहून ११ दिवस न थांबता, न खाता-पिता उडतो, उडायच्या आधी स्वतःची आतडी खाऊन टाकतो, त्यामुळे त्याला मधे कुठल्याच किनाऱ्याची गरज नाही, भरतीच्या पट्ट्यात भराव टाकला तर तो दुसरीकडे जाईल, आणि तसाही तो संकटात नाहीये. पहिलं अर्धं वाक्य खरं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकी सगळं खपतंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी ११ दिवसांचं. हे अगदी खरं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बी-६ नंबरचा पक्षी, जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू, पाठीवर ५ ग्रॅमचा सोलर टॅग घेऊन अलास्काहून निघालं आणि थेट टास्मानियात उतरलं, १३,५६० किलोमीटर. मला तर हे वाचून अजूनही अंगावर काटा येतो. पण हा फक्त जातानाचा प्रवास झाला, आणि त्याआधी अलास्काच्या खाडीमुखांवरच्या चिखलात ते आठवडेच्या आठवडे खात असतात हे मेसेजमधे कुठेच नाही. १९८७ मधे अलास्कात एका रडारच्या घुमटाला धडकून मेलेले काही गॉडविट शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा त्यांच्या वजनाचा जवळपास ५५ टक्के भाग नुसती चरबी निघाली. म्हणजे ११ दिवसांचं जेवण तो खाऊनच निघतो, आणि ते सगळं चिखलातल्या किड्यांतून आणि शिंपल्यांतून आलेलं असतं. शिवाय निघताना वादळांमागून येणारं अनुकूल वारं बघून निघतात, उठला आणि उडाला असं नसतं.

आता परतीचा प्रवास बघा, जो मेसेजने गाळलाच आहे. २००७ मधे ई-७ नावाच्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला होता. मार्चमधे ती न्यूझीलंडहून निघाली, दहा हजार किलोमीटरच्या वर न थांबता उडाली आणि चीन-उत्तर कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या मुखाशी उतरली, तिथे साधारण पाच आठवडे राहिली, खाल्लं, वजन वाढवलं आणि मग साधारण ६,५०० किलोमीटर उडून अलास्काला अंडी घालायला गेली. सप्टेंबरमधे परत न्यूझीलंड, ११,६८० किलोमीटर, आठ दिवसांत. ते पाच आठवडे काढून टाका आणि मग सांगा पुढे काय झालं असतं. चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राच्या या किनाऱ्याला ती थकून सहज टेकली नव्हती. अलास्कात पोचतात तेव्हा बर्फ नुकताच वितळत असतो, खायला फार काही नसतं, म्हणून अंगावर शिल्लक घेऊनच पोचावं लागतं आणि ती शिल्लक या चिखलातच तयार होते.

आतड्यांचं थोडक्यात. कोणी आतडी खात नाही. उडायच्या आधी जठर, आतडी, यकृत, मूत्रपिंडं आकसतात, कारण हवेत त्यांचं काम नाही आणि ते वजन वाहून न्यायचं कशाला. पाणी म्हणाल तर चरबी जळताना शरीरात पाणी तयार होतं. पण यातून निघणारा अर्थ मेसेजच्या बरोबर उलटा आहे: आकसलेलं पोट घेऊन उतरलेल्या पक्ष्याला ते परत वाढवून मग भराभर खायचं असतं, म्हणजे उतरायची जागा चांगलीच असावी लागते, कुठलीही चालत नाही. आणि समुद्रावर बसून दम खायची तर सोयच नाही, त्याच्या पायांना पडदे नाहीत.

"भराव टाकला तर दुसरीकडे जाईल, पंख आहेत ना." याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे करून बघितलेलं आहे. दक्षिण कोरियात सेमांगुम इथे २००६ मधे ३३ किलोमीटर लांबीचा बांध घालून दोन नद्यांची मुखं बंद केली. ग्रेट नॉट या गॉडविटसारखाच लांब पल्ला गाठणाऱ्या पक्ष्याचा तो फार मोठा थांबा होता. २००६ ते २००८ मधे तिथले ग्रेट नॉट सुमारे ९० हजारांनी कमी झाले. शेजारच्या चिखलांवर तेवढे वाढलेले दिसले नाहीत आणि ते जिथे हिवाळा काढतात त्या ऑस्ट्रेलियातही आकडे खाली आले. दुसरीकडे गेलेच नाहीत ते. वायव्य ऑस्ट्रेलियात पायात रंगीत कड्या घातलेल्या नॉट आणि गॉडविटवरून हेच दिसलं की ऑस्ट्रेलियात असताना ते नीट जगत होते, मरत होते ते बाकीच्या महिन्यांत, म्हणजे पीत समुद्राच्या वाटेवर.

आणि चिखल म्हणजे सगळा सारखा नसतो हो. भरती आली की तो पाण्याखाली जातो, पक्ष्याला खायला मिळतात ते ओहोटीचे तास. किनाऱ्याजवळचा वरचा पट्टा सगळ्यात आधी उघडा पडतो आणि सगळ्यात उशिरा बुडतो, म्हणजे खायचा वेळ तिथे जास्त, आणि भराव नेमका तिथूनच सुरू होतो. त्यामुळे नकाशावर वीस टक्के जागा गेली असं दिसलं तरी पक्ष्याचं जेवण त्याहून जास्त गेलेलं असू शकतं. त्यात स्पार्टिना नावाचं बाहेरून आणलेलं गवत चीनच्या किनाऱ्यावर पसरलं, ते दाट वाढलं की चोच खुपसायला जागाच उरत नाही.

राहिलं "संकटात नाही". कुठली प्रजाती किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत २०१५ पासून बार-टेल्ड गॉडविट 'नियर थ्रेटन्ड'मधे, म्हणजे संकटाच्या उंबरठ्यावर आहे, ग्रेट नॉट आणि फार ईस्टर्न कर्ल्यू हा असाच किनाऱ्यावरचा पक्षी त्याच वर्षी 'एन्डेंजर्ड'मधे, म्हणजे थेट संकटात गेले. पीत समुद्राचे भरती-ओहोटीचे चिखल ५० वर्षांत ६५ टक्क्यांपर्यंत गेले असावेत असा अंदाज २०१४ मधे आला होता. हे पक्षी वीस वर्षंही जगतात, पण एका वेळी अंडी साधारण चारच आणि पिल्लू अंडी घालायच्या वयाला यायला काही वर्षं जातात, त्यामुळे मोठे पक्षी मरायला लागले की भरपाई लवकर होत नाही. आज किनाऱ्यावर हजारोंचा थवा दिसला म्हणून निवांत राहता येत नाही.

मेसेजखाली काहींनी लिहिलंय की चीनने तर आता भराव बंदच केलेत. बऱ्याच अंशी खरं आहे, २०१८ मधे चीनने व्यापारी भरावांवर बंदी आणली, २०१९ मधे पीत समुद्र आणि त्याच्याच बोहाई आखाताच्या किनाऱ्यावरच्या काही जागा जागतिक वारसा यादीत आल्या, २०२१ मधे दक्षिण कोरियाचे 'गेटबोल' म्हणून ओळखले जाणारे भरती-ओहोटीचे चिखल आले, २०२४ मधे चीनच्या आणखी जागा जोडल्या. पण हे झालं कारण लोकांनी वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या, टॅग लावले, गारठ्यात उभं राहून थवे मोजले आणि दाखवून दिलं की ई-७ सारखी मादी पाच आठवडे नेमकी कुठे खात होती.