मास्टर्स केलं की पीएमपी आपोआप? नाही!

‘आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स केलं की पीएमपी आपोआप मिळतं,’ असा मेसेज पीएमपी, म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ या प्रमाणपत्राबद्दल फिरतोय. हे साफ चूक आहे. पदवी विद्यापीठ देतं. पीएमपी देते १९६९ साली स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, तेही स्वतंत्र परीक्षा घेऊन. शिवाय पदवीधराला प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. तुमच्या अभ्यासक्रमाला या संस्थेच्या केंद्राची मान्यता असेल, तर २४ महिने पुरतात. गैरसमजाचं मूळ बहुधा या सवलतीत असावं. अनुभवच नसेल, तर त्याच संस्थेची सीएपीएम ही नवख्यांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा देता येते. नव्या विद्यार्थ्यांना हे कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं. आणि पदवी आयुष्यभर टिकते, पीएमपी मात्र दर ३ वर्षांनी ६० पीडीयू (पुढचं शिक्षण आणि व्यावसायिक कामासाठी मिळणारे गुण) मिळवून टिकवावं लागतं.