तर्री-पोह्यांची क्रमवारी लावायचीच असेल तर नीट लावा, राजेहो

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर तीच यादी फिरतेय. नागपूरचे तर्री-पोहेवाले, पहिल्या नंबरपासून शेवटच्यापर्यंत. दोन ठेल्यांचे फोटो शेजारी-शेजारी दाखवले, लोकांनी एकावर बोट ठेवलं, की पुढची जोडी. आणि आता शेवटच्या नंबरवाल्याच्या ठेल्यावर जाऊन पोरं त्याला मोबाइलवर यादी दाखवून हसतात. पहाटे उठून चण्याची तर्री चढवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागतंय, तेही चुकलेल्या गणितावरून. संताप येतो.

पद्धतीत खोट नाही. "साडेचार स्टार की चार?" याचं उत्तर माणूस मूडवर देतो, "या दोघांत कुठला?" याचं बऱ्यापैकी ठाम देतो. बुद्धिबळाचं रेटिंगही अशा आमनेसामनेच्या निकालांवरच उभं आहे. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची ही पद्धत अमेरिकेच्या महासंघाने १९६० मध्ये घेतली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये.

तिचा गाभा असा, की कोण जिंकलं यापेक्षा कोणाविरुद्ध जिंकलं ते महत्त्वाचं. सगळ्यांना १५०० गुणांपासून सुरू करा. दोन ठेले बरोबरीचे असतील तर जिंकण्याची अपेक्षा निम्मी-निम्मी. गुणक, म्हणजे एका लढतीत जास्तीत जास्त किती गुण मिळू शकतात तो आकडा, ३२ धरला तर जिंकणारा १५१६ वर जातो, हरणारा १४८४ वर. पण २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची अपेक्षा ७६ टक्के. तो जिंकला तर जेमतेम ८ गुण मिळतात, हरला तर २४ जातात. दुबळ्याला हरवून कोणी मोठा होत नाही.

या यादीवाल्यांनी काय केलं? जिंकलेल्या जोड्या भागिले एकूण जोड्या, की झाली क्रमवारी! समोर कोण होतं याचा पत्ताच नाही. सदर भागातले ठेले सदरच्यांशीच भिडले आणि महाल भागातले महालच्यांशीच, तर ती दोन वेगळी बेटं झाली. मधे पुरेशा जोड्या नसतील तर त्यांचे आकडे एका ओळीत मांडताच येत नाहीत, मग सूत्र कुठलंही वापरा.

मतं किती पडली तेही पाहिलं नाही, हे तर आणखी वाईट. समजा एका ठेल्याने २० पैकी १६ जोड्या जिंकल्या, म्हणजे ८० टक्के. दुसऱ्याने ४०० पैकी ३००, म्हणजे ७५. यादीत पहिला वर. पण पहिल्याचा खरा आकडा ५८ ते ९२ मध्ये कुठेही असू शकतो, दुसऱ्याचा साधारण ७१ ते ७९ मध्ये. हे पट्टे एकमेकांत घुसलेले असताना "हा वर, तो खाली" असं सांगायचा अधिकार कोणाला नाही. तिथे दोघांना एकच क्रमांक द्यायचा.

"गंमत म्हणून केलंय" असं कोणी म्हणेल. असेल. ठेलेवाल्याच्या गल्ल्यावर परिणाम होतो तो खराच असतो.

एलोचं सूत्र जसंच्या तसं उचलून इथे लावू नका, हेही सांगतो. त्यात ताज्या निकालाचं वजन जास्त. खेळाडू सुधारतो, घसरतो, म्हणून बुद्धिबळात ते योग्य. पण दोन दिवसांच्या मतदानात तर्री बदलत नाही. तीच मतं उलट्या क्रमाने घातली की एलोचे आकडे बदलतात. इथे ब्रॅडली-टेरी हवं. १९५२ ची पद्धत, सगळी मतं एकदम घेऊन गणित मांडते, मत आधी पडलं की नंतर याने फरक पडत नाही.

आणि एक हरलेली जोडी म्हणजे नालायकी नव्हे. आपल्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा रेटिंगने हम्पी वर होती. रेटिंग खोटं ठरलं नाही. ते शक्यता सांगतं, निकाल नाही.

कधी कधी तर सरळ रांग लागतच नाही. तिखटामुळे लोक पहिल्याला दुसऱ्यापेक्षा वर ठेवतात, पोह्यांच्या मऊपणामुळे दुसऱ्याला तिसऱ्यापेक्षा, आणि भरपूर चण्यांमुळे तिसऱ्याला पहिल्यापेक्षा. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच ही गोची दाखवून दिली होती.

यादी करणारी पोरं मेहनती आहेत, वाईट हेतू कोणाचा नसणार. म्हणून सांगतो, पुन्हा करा. जोड्या चिठ्ठ्या टाकून काढा आणि दोन्ही भागांतले ठेले एकमेकांसमोर येऊ द्या. डावा-उजवा फोटो दर वेळी आपोआप बदलू द्या, कारण काही लोक एकाच बाजूला दाबत जातात. "दोन्ही सारखे" हे बटण ठेवा, त्याला अर्धा-अर्धा गुण. आणि सगळ्यात गरजेचं बटण, "इथे खाल्लं नाही". ते दाबलं की ती जोडी बाद. नाहीतर तुम्ही पोहे नाही, फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा मोजताय. निकाल मत दिल्यानंतरच दाखवा. ठेलेवाल्याच्या भाच्याने एका फोनवरून रात्रभर मतं मारली तर ती ओळखता यावीत म्हणून वेळेची नोंद ठेवा.

आत्ताची यादी आज रात्रीच काढून टाका. तिच्या जागी कच्ची मतं टाका, फोन नंबर वगळून. डावा ठेला, उजवा ठेला, कोण जिंकला, वेळ, एवढे चार रकाने पुरे.