खुलासा: प्रकाशाला वजन असतं हा मेसेज चुकीचा आहे

मंडळी, परवापासून सोलापुरातल्या दहावीच्या पालक ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की १९१९ च्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकलेला दिसला म्हणजे प्रकाशाला वजन असतं हे सिद्ध झालं. मी इथं फिजिक्स शिकवतो, काल एका पोरानं हेच वहीत लिहून आणलं म्हणून लिहितोय.

अर्धं खरं आहे. २९ मे १९१९ ला आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून आणि ब्राझीलमधल्या सोब्रालहून ग्रहणाचे फोटो घेतले, प्रकाश वाकतो हे दिसलं. पण फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या कणाचं, वस्तुमान शून्य. त्याच्याकडे ऊर्जा आहे, संवेग आहे, वस्तुमान नाही. न्यूटनच्या नियमानं खेचला जाणारा कण धरून गणित केलं तर सूर्याच्या कडेला वळण ०.८७ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येतं, आइनस्टाईनच्या गणितानं दुप्पट, १.७५, आणि पुढची अचूक मोजमापं या दुप्पट आकड्यालाच जुळत गेली.

क्लासमध्ये मी आपली पट्ट्यांची चादर चौघांना ताणून धरायला लावली, मध्ये भरलेला तांब्या ठेवला. सरळ विणलेला पट्टा तांब्यापाशी वाकला, पट्ट्याला कुणी ओढलं नव्हतं, चादरच दबली होती. तशीच सूर्याजवळ जागाच वाकते, आणि प्रकाश त्या वाकलेल्या वाटेनं जातो. दाखला ढोबळ आहे, कारण सूर्य जागेबरोबर काळही वाकवतो, पण पोरांना पटकन कळलं.

तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका, आणि आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका, परीक्षा तोंडावर आहे.